चकमधला जॉब

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी पहिल्यांदा गेलो तो भाच्यासाठी नोकरी शोधत. एका पत्र्याच्या शेडच्या दारात उभा राहून विचारलं, "इथं काही जॉब आहे का?" आतल्या माणसाने चिंधीने हात पुसले आणि लेथकडे बोट दाखवलं. "जॉब तो आ रह्यो." चकमध्ये लोखंडाचा एक गोल तुकडा गरगर फिरत होता, त्याच्यावर दुधासारखं कूलंट पडत होतं आणि टूलच्या टोकाखालून लोखंडाची कुरळी साल सुटत होती. लेथवाल्यांच्या भाषेत ज्या तुकड्यावर काम चाललंय तो जॉब. जॉब बांधायचा, सेंटरला आणायचा, उतरवायचा. नोकरीला हा शब्द तिथे कोणी वापरतच नाही.

गैरसमज निवळल्यावर चहा आला आणि गप्पा झाल्या. हा गृहस्थ अठरा वर्षं एका मोठ्या कारखान्यात टर्नर होता. कारखान्याने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणली, हातात आलेल्या पैशातून त्याने एक जुनी लेथ घेतली, शेड भाड्याने घेतली. मग पहिलं काम कुठून आलं? तशाच एका मोठ्या कारखान्याकडून. तेच फ्लँज, तीच बुशिंगं, तसंच ड्रॉइंग. पूर्वी दर महिन्याच्या सात तारखेला पगार खात्यात पडायचा. आता बिल देऊन चेकची वाट बघायची. मी विचारलं, बरं वाटतं का? तो हसला आणि म्हणाला, "शेठ नथी, एटले रजा पण नथी." मालक नाही, म्हणून सुट्टीही नाही.

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण देशभर जे चाललंय ते त्या एका वाक्यात जवळजवळ सगळं आलंय.

आपल्याकडे सरकार एक सर्वेक्षण करतं, पीएलएफएस नावाचं, श्रमबलाची मोजदाद करणारं. २०१७-१८ मध्ये त्याने सांगितलं, की देशात काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी ५२.२ माणसं स्वयंरोजगारात आहेत. २०२३-२४ मध्ये तीच संख्या ५८.४ वर गेली. त्याच काळात नियमित पगार घेणारे २२.८ वरून २१.७ वर आले आणि रोजंदारीवर जाणारे २४.९ वरून १९.८ वर. शंभरामागे सहाची वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण एवढ्या अवाढव्य देशात सहा वर्षांत एवढा हलणारा आकडा म्हणजे काही कोटी माणसं इकडची तिकडे गेली.

त्यातली गंमत अशी, की हा आकडा चुकीच्या दिशेला चाललाय. निदान पुस्तकं तरी तसंच सांगतात. देश श्रीमंत होत जातो तसा स्वयंरोजगार आटत जातो. शेतकऱ्याचा मुलगा गिरणीत जातो, विणकराची नात बँकेत बसते, कोपऱ्यावरचा वाणी सुपरमार्केटचा मॅनेजर होतो. नॉर्वेत किंवा अमेरिकेत आज दहा कामकऱ्यांमागे एखादाही पुरता स्वतःच्या धंद्यात नसतो. आपली अर्थव्यवस्था वाढतेय, मॉल उभे राहताहेत, आणि तरी स्वतःच्या जिवावर जगणारे वाढताहेत. हे कसं?

याचं उत्तर शोधायला बडोद्याइतकं सोयीचं शहर नाही, असं माझं बडोदेकर मत. कारण हे शहर घडलंच नोकरीवर.

आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं होतं, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. बडोद्यातल्या मराठी माणसाने हा क्रम उलटा केला आणि त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकात जी कुटुंबं इकडे आली ती चाकरीसाठीच आली. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पुराणिक. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात वाडे उठले ते राज्याच्या पगारावर. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मास्तरांची एक फौजच लागली. त्याआधी १८९० मध्ये कलाभवन निघालं होतं, हाताला तंत्र शिकवणारं. १९०७ मध्ये ॲलेंबिक आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू झाली. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, हुजूर कचेरीतले कागद गुंडाळले गेले, आणि वाटलं आता संपलं सगळं. पण नाही. ज्योती आणि साराभाई या कंपन्या १९४३ पासून होत्याच. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६७ मध्ये फर्टिलायझरचं उत्पादन सुरू झालं, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल स्थापन झाली.

माझ्या लहानपणी 'फर्टिलायझर' हे खताचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी ते एका दर्जाचं नाव होतं. मुलगा फर्टिलायझरमध्ये आहे, म्हटलं की पत्रिका बघायच्या आधीच निम्मं लग्न ठरायचं. शिफ्टची बस कोपऱ्यावर थांबली की गल्लीत किती वाजले ते कळायचं. घर, शाळा, दवाखाना, दिवाळीचा बोनस, सगळं एका गेटच्या आत. अशी नोकरी म्हणजे निसर्गाचा नियमच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

पण नोकरी ही मुळात फार विचित्र गोष्ट आहे. हे मला कळलं ते रोनाल्ड कोस या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञामुळे. हा पोरगा लंडनमध्ये शिकत असताना, १९३१-३२ मध्ये, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि तिथले कारखाने पाहात हिंडला. त्याला एक साधा प्रश्न पडला होता. बाजार जर इतका कार्यक्षम असतो, किमती जर सगळं आपोआप जुळवून आणतात, तर मग कंपन्या असतातच कशाला? मोटार बनवणाऱ्याने रोज सकाळी बाजारात जावं, आज स्क्रू आवळणारा किती घेतो, रंग देणारा किती घेतो, विचारावं, आणि संध्याकाळी हिशेब चुकता करावा. मग कायमचा माणूस, कायमचा पगार, वरिष्ठ, हजेरीपट, हे सगळं कशासाठी?

१९३७ मध्ये त्याने दिलेलं उत्तर असं, की बाजारात जाणंसुद्धा फुकट नसतं. माणूस शोधायला वेळ जातो, दर ठरवायला घासाघीस लागते, काम नीट झालं का ते बघावं लागतं, भांडण झालं तर वकील. हा सगळा खटाटोप जिथे महाग पडतो तिथे माणूस पगारावर ठेवणं स्वस्त. जिथे हा खटाटोप स्वस्त होतो तिथे माणूस बाहेर ठेवणं परवडतं. कंपनीची भिंत कुठे उभी राहील हे या दोन खर्चांच्या तुलनेवर ठरतं. या एवढ्याशा विचाराची दखल नोबेल समितीने १९९१ मध्ये घेतली, तेव्हा कोस ऐंशीचा होता.

ही किल्ली हातात घेऊन मकरपुऱ्याला परत जा, आणि सगळं उलगडायला लागतं. एके काळी मोठ्या कारखान्याच्या आत स्वतःची मशीन शॉप असायची. बाहेर भरवशाचा टर्नर कुठे मिळणार? मग आयटीआयने आणि कलाभवनाच्या परंपरेतून आलेल्या संस्थांनी हजारो हात तयार केले, जीआयडीसीने प्लॉट पाडले, फोन आले, ड्रॉइंग आधी फॅक्सवर आणि मग व्हॉट्सॲपवर यायला लागलं. बाहेरून काम करवून घेण्याचा खटाटोप उतरला आणि कारखान्याची भिंत आत सरकली. तो टर्नर जागेवरून हलला नाही. भिंत त्याच्यावरून सरकली आणि तो बाहेर राहिला.

भिंत सरकायला कायद्यानेही हात लावला. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेत दहा माणसं झाली की कारखाना, असं होतं. नव्या संहितेत ही रेघ वीसवर नेली आहे. ईएसआय दहावर लागते, प्रॉव्हिडंट फंड वीसवर. मग नवव्या माणसानंतर दहावा घेण्यापेक्षा शेजारच्या शेडमध्ये काम दिलेलं बरं, हा विचार कोणालाही सुचतो. यात कोणी खलनायक नाही. पण कामगाराचं संरक्षण करायला ओढलेली रेघ कामगाराला रेघेच्या पलीकडे ढकलते, हे गमतीचं खरंच.

शिवाय जोखीम. ऑर्डर नसली तर पगारी टर्नरला बसवून खायला घालावं लागतं. बाहेरच्या शेडवाल्याला नाही. बिल कधी द्यायचं तेही आपल्या सोयीने. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या असं बजावलंय, आणि आता तर आयकर कायदाही म्हणतो की वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही. एवढी तरतूद करावी लागली यातच काय चाललं होतं ते कळतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की स्वयंरोजगार म्हणजे हाकलून दिलेल्यांची छावणी. तसं अजिबात नाही. ढकल असते तशी ओढही असते, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही असतात. याचं सगळ्यात झकास उदाहरणही बडोद्याच्या कलाभवनातूनच निघालं.

धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा मुलगा, मुंबईच्या जे. जे.तून बडोद्याला आला, कलाभवनात चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, छपाईची तंत्रं शिकला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगने बायको आणि मूल नेलं. परत बडोद्याला येऊन फोटोचा धंदा मांडला, तर लोकांत बोलवा, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले. मग एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग केले. फाळके उलटं वाचा. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची आणि छायाचित्रकाराची पक्की सरकारी नोकरी मिळाली, आणि या गृहस्थाने स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडून छापखाना काढला. तिथेही भागीदारांशी पटलं नाही. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांपुढे आला, तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांचं नाव त्या वेळी एखाद्या पाहणीत आलं असतं तर दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्या रकान्यात बसवावं लागलं असतं. प्लेगने ढकललं, अफवेने ढकललं, आणि शेवटी पडद्यावरच्या हलत्या चित्राने असं ओढून घेतलं की पगाराची आठवणही राहिली नाही.

पण याच शहरात दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय स्वयंरोजगाराबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

१९१७. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले. पगार होता, हुद्दा होता. राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकत. कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून त्या दिवशी ते रडले, आणि नोकरी सोडून मुंबईला गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

मुंबईत घर चालवायचं होतं. खासगी शिकवण्या केल्या, हिशेबनिशी केली, आणि शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचं काम स्वतःच सुरू केलं. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित, सल्ला चांगलाच असणार. धंदा चाललाही. मग गिऱ्हाइकांना जात कळली आणि धंदा बसला.

अर्थशास्त्रात हे आज नेहमी सांगितलं जातं, की ज्यांना नोकरीचं दार बंद असतं ते स्वतःचा धंदा काढतात. जगभरच्या स्थलांतरितांबद्दल तर हे फार बोललं जातं. लंडनची कोपऱ्यावरची दुकानं गुजरात्यांनी चालवली, त्यातले किती तरी जण पूर्व आफ्रिकेतून हाकलले गेलेले होते. पण बाबासाहेबांच्या अनुभवातली पुढची पायरी कमी सांगितली जाते. नोकरी देणारा एक जण दार लावतो. धंद्यात शंभर गिऱ्हाइकं असतात, आणि त्यातला प्रत्येक जण दार लावू शकतो. 'स्वतःचा मालक व्हा' असं सांगणारे फलक रस्त्यावर दिसतात तेव्हा मला ते कमाठी बागेतलं झाड आठवतं.

आता जरा खाऊ या.

बडोद्याची ओळख विचारली तर गुजराती माणूसही आधी सेव उसळ सांगेल. उसळ हा आपला शब्द, आणि त्या वाडग्यात तो गुजराती होऊन बसलाय. सुक्या वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर जाडी सेव, कांद्याची पात, लिंबू, सोबत पाव, आणि शेजारच्या पातेल्यात लालभडक तरी. गाडीवाला पळी उचलून विचारतो, "काका, तरी नाखुं?" याला नाही म्हणणारा बडोदेकर मी पाहिलेला नाही.

आमच्या भागातल्या गाडीवाल्याकडे बघत मी बराच वेळ उभा असतो, खाण्यासाठी आणि खाऊन झाल्यावरही. एक जळता गॅस, दोन पातेली, एक पत्र्याचा डबा, क्यूआर कोडचा कागद. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि सुट्ट्या पैशांचा रोजचा तमाशा संपला. गाडी टाकायला डिग्री लागत नाही, मुलाखत लागत नाही. ज्या धंद्यात शिरायला इतकं सोपं असतं त्यात शेजारीही लगेच शिरतो. एका गाडीच्या आठ महिन्यांत चार झाल्या की गिऱ्हाईक तेवढंच, वाटे चार. श्रमाच्या बाजाराचं हे फार निर्दय गणित आहे. कामं कमी आणि माणसं जास्त असली की पगाराच्या बाजारात बेकारी दिसते, गाडीच्या बाजारात ती दिसतच नाही. ती चौघांमध्ये पातळ होऊन पसरते.

म्हणून बेकारीचा आकडा आपल्याकडे इतका सभ्य दिसतो. २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२. गरीब माणसाला बेकार बसणं परवडत नाही, ती चैन पदवीधराची, ज्याच्या घरी वडिलांची पेन्शन येते. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत काहीतरी करावंच लागतं. मग तो गाडी लावतो, किंवा रिक्षा चालवतो, किंवा गावी परत जातो. कोविडनंतर हेच घडलं. देशाच्या कामकऱ्यांत शेतीचा वाटा २०१७-१८ च्या ४४.१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ वर गेला. शेतीतून माणसं बाहेर पडतात असं शतकभर सांगितलं जात होतं, ती आत शिरली. स्वतःच्या शेतावर राबणारा स्वयंरोजगारित. आकडा वर.

आणखी एक नवलाची वस्तू म्हणजे मोबाइलमधलं ॲप. कोसच्या हिशेबाने ॲप म्हणजे खटाटोप जवळजवळ शून्यावर आणणारं यंत्र. माणूस शोधायला दोन सेकंद, दर ठरलेला, काम नीट झालं का ते गिऱ्हाईक तारे देऊन सांगतं. मग अलकापुरीतल्या नाक्यावर रंगीत टीशर्ट घालून मोटारसायकलवर बसलेली पोरं कोण? कंपनी म्हणते भागीदार. पण दर ती पोरं ठरवत नाहीत, गिऱ्हाईक निवडत नाहीत, आणि ॲप बंद केलं की रस्त्यावर. नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज दिला, की २०२०-२१ मध्ये देशात अशी ७७ लाख माणसं होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होतील. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांना निदान एक नाव तरी मिळालं, गिग कामगार. शेठ आहे की नाही, हे मात्र त्यांना विचारलं तर ते फोनकडे बघतात.

हा गोंधळ आपल्यापुरता नाही. ब्रिटन हा श्रीमंत देश, तिथे स्वयंरोजगार घटायला हवा. २००० च्या सुमारास तिथे साधारण बत्तीस-तेहेतीस लाख माणसं स्वतःसाठी काम करत होती, २०१९ मध्ये ती पन्नास लाखांच्या घरात गेली. वाढ झाली ती बहुतेक एकट्या माणसांची, ज्यांनी कोणालाही कामावर ठेवलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे स्वतंत्र धंदेवाले नसून कामगार आहेत असा निकाल दिला. महामारीत ती संख्या धाडकन खाली आली. काही जणांचा धंदा बुडाला, काही जण नुसते एका रकान्यातून दुसऱ्यात गेले आणि काम तेच राहिलं.

रकान्याचं महत्त्व आपल्याकडे सगळ्यात आधी एका स्त्रीने ओळखलं. १९७२ मध्ये इला भट्ट अहमदाबादेत भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्या गोळा करणाऱ्या बायकांची संघटना नोंदवायला गेल्या, तेव्हा कामगार खात्याने विचारलं, मालक कोण? मालकच नाही तर भांडणार कोणाशी? मालक नसेल तर संघटना कसली? त्यांनी उत्तर दिलं, की संघटना कोणाच्या विरुद्ध लागते असं नाही, ती एकत्र येण्यासाठी असते. नोंदणी मिळाली. नाव ठेवलं सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन, सेवा. दोन वर्षांनी चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. स्वयंरोजगार हा शब्द आज सरकारी जाहिरातीत तरुण उद्योजकाच्या फोटोबरोबर येतो. त्या बायकांनी तो वापरला तेव्हा त्याचा अर्थ होता, आम्हीही कामगार आहोत, आम्हाला मोजा.

आता मोजतात. कसं मोजतात ते बघण्यासारखं आहे. पीएलएफएसच्या फॉर्मवर प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. ११ म्हणजे स्वतःच्या जिवावर धंदा करणारा. १२ म्हणजे माणसं ठेवणारा मालक. ३१ म्हणजे नियमित पगारी. मकरपुऱ्याचा टर्नर ११. त्याने एक पोरगा पगारावर ठेवला की तो १२, म्हणजे फॉर्मच्या लेखी मोठा उद्योगपती आणि तो एकाच रांगेत. माझा भाचा शेवटी त्याच्याचकडे लागला, तो ३१. घरी बसून व्यापाऱ्याने दिलेले कपडे तुकड्याच्या दराने शिवणारी बाईसुद्धा बहुतेक वेळा ११ मध्येच जाते, जरी कापड, दोरा, दर आणि मुदत सगळं व्यापाऱ्याचं असलं तरी. ५८.४ या एका आकड्यात हे सगळे जण दाटीवाटीने बसलेत. म्हणून तो वाढला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि गळा काढणाऱ्यांवरही नाही. माझी स्वतःची चाचणी साधी आहे. उद्या पक्की पगारी नोकरी समोर ठेवली तर हा माणूस धंदा सोडेल का? फाळक्यांनी नोकरी टाकून धंदा धरला. आमच्या गाडीवाल्याला मी हे विचारलं. त्याने पळी खाली ठेवून मलाच विचारलं, "क्यां छे?" कुठे आहे?

आणि शेवटचा एक कोड, २१. घरच्या धंद्यात मदत करणारी, जिला त्याबद्दल पगार मिळत नाही अशी व्यक्ती. हीसुद्धा स्वयंरोजगारित. देशातल्या स्वयंरोजगाराच्या वाढीतला मोठा हिस्सा बायकांचा आहे. २०१७-१८ मध्ये कामकरी बायकांपैकी ५१.९ टक्के स्वयंरोजगारात होत्या, २०२३-२४ मध्ये ६७.४. त्यातल्या निम्म्याहून जास्त या कोडातल्या.

बडोद्याला आलात तर सेव उसळ जरूर खा, तरी मागून घ्या. वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात, आणि तरीचा लसूण दुपारी सोलावा लागतो. तो गाडीवाला सोलत नाही, त्याची बायको सोलते. पाहणीवाला दारात येऊन विचारेल तेव्हा ती "हुं तो घरे ज छुं", मी तर घरीच असते, म्हणाली तर कोड ९२, घरकाम, म्हणजे कामकऱ्यांत धरलीच जाणार नाही. पाहणीवाल्याने आणखी दोन प्रश्न विचारले तर कोड २१. लसूण दोन्ही वेळा तेवढाच.